बाबांच्या लॅपटॉपवर मिंट

कॉलेज रोडवरच्या दुकानदाराने बाबांचा लॅपटॉप पाहून सरळ सांगितलं, ‘आता नवीनच घ्या.’ विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला या मशिनचा जुना प्रोसेसर चालत नाही. पण कीबोर्ड धडधाकट, स्क्रीन स्वच्छ, रॅम ४ जीबी. असं चालतं मशिन भंगारात काढायला मन धजेना.

लिनक्स टाकायचं हे ठरलं. कोणतं, हा खरा प्रश्न. सी-डॅकचं ‘बॉस’ आपल्याकडचं, २००७ पासूनचं. त्याचा मला अभिमान आहे. उबुंटूही चांगलं, पण या मशिनला जड वाटलं. शेवटी लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीवर थांबलो. मेनू खाली डावीकडे, घड्याळ उजवीकडे. बाबांची नजर सवयीने जाते तिथेच सगळं.

मला सर्वांत भावलं ते हे, की हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघता येतं. वाय-फाय लागलं, आवाज आला, प्रिंटरने पान काढलं, मगच इन्स्टॉल केलं. कीबोर्डमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडला आणि बाबांनी लिबरऑफिसमध्ये सोसायटीच्या सभेची नोटीस स्वतः टाइप केली. ‘र’ला जोडलेली अक्षरंही नीट उमटली!

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी मात्र घाई करू नये. ते लिनक्सवर थेट चालत नाही.

तुमच्याकडे असा लॅपटॉप पडून असेल, तर फोटो-कागदपत्रांचा बॅकअप घ्या आणि विकण्याआधी एकदा मिंट चालवून बघाच.