माझ्याच कुशीत तो आईला शोधत होता

चार वर्षांचा माझा मुलगा माझ्याच कुशीत होता आणि किंचाळत होता, "मला आईकडे जायचंय!"

आम्ही दुबईत करामाला राहत होतो तेव्हाची गोष्ट. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड वाढल्यामुळे त्याला झोपेत धड श्वास घेता येत नव्हता, म्हणून ऑपरेशन. मास्कमधून भूल दिली, सगळं नीट पार पडलं. मला आत बोलावलं तेव्हा तो कॉटच्या कठड्यावर लाथा झाडत होता. "अरे, मीच आई," म्हणत उचलून घेतलं. डोळे सताड उघडे, पण नजर माझ्यावर ठरेचना. हातावरच्या सुईची चिकटपट्टी त्याने अर्धी उपटली होती, तिच्या टोकाशी रक्ताचा थेंब. वीसेक मिनिटांनी एकाएकी निवला, झोपला, आणि उठल्यावर आइस्क्रीम मागितलं. त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं.

"होतं असं," एवढंच सिस्टर म्हणाली. मग आधी का नाही सांगितलं? ती वीस मिनिटं मी लेकाच्या मेंदूला इजा झाली असं समजून काढली. सासूबाईंनी साताऱ्याहून फोनवर दृष्ट काढायला सांगितलं. मी मीठमोहरी ओवाळून टाकली.

दोन वर्षांनी धाकटीचं तेच ऑपरेशन निघालं, शारजात. भूलतज्ज्ञ बाईंना मी आधीच सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच तोडलं नाही. म्हणाल्या, सेव्होफ्लुरेन हा वायू नाकाला झोंबत नाही, म्हणून मुलांना तो सोयीचा. पण उतरतोही झपाट्याने, आणि काही मुलांचं, विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या, शरीर आधी जागं होतं, भान मागून येतं. वेदनेनेही मूल असंच रडतं, तेव्हा दुखतंय का ते आधी बघावं लागतं. भुलेतून उठताना मूल असं बावरतं, हे डॉक्टरांनी १९६१ सालीच लिहून ठेवलंय. ते मोजायला २००४ मध्ये एक मोजपट्टीही आली. तिच्यातली पहिलीच बाब, मूल आपल्या माणसाच्या नजरेला नजर देतं का. ते ऐकलं आणि मला बोलवेना.

हिला शिरेतून प्रोपोफॉल द्यायचं ठरलं. "त्रास होणारच नाही अशी हमी नाही, शक्यता बरीच कमी होते," हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तासभर आधी हाताच्या मागच्या बाजूला बधिर करणारं मलम लावलं, त्यामुळे सुई टोचली तरी ती कुरकुरली नाही. दुधासारखं पांढरं औषध नळीतून सरकताना दिसलं, तोवर तिची मान माझ्या दंडावर कलंडली होती.

जाग आली तेव्हा मी कॉटशीच उभी होते. पापण्या दोनदा मिटल्या, उघडल्या. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "आई, दादा कुठाय?"