खिडकीतला कूलर

२०२४ च्या पावसाळ्यात नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीत बरीच माणसं भिंतीला धरून चालत होती. आधी फणफणून ताप यायचा. दोन-तीन दिवसांत तो उतरायचा, पण सांधे आखडून जायचे. पहाटे उठून देवाची भांडी घासणाऱ्या माझ्या सासूबाईंना नळाची चावीसुद्धा फिरवता येईना. तपासणीत चिकनगुनिया निघाला. त्यावर विषाणू मारणारं औषध नाही. डॉक्टरांनी आराम, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल सांगितलं. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत दुखण्यावरची दुसरी गोळी घ्यायची नाही, असं बजावलं. दिवाळी आली तरी त्यांना मांडी घालून बसता येत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात घरोघरी डासांच्या अळ्या तपासणाऱ्या एका ताईंसोबत मी गल्लीत फिरले. नागपुरात कितीतरी कूलर उन्हाळा सरला तरी खिडकीलाच लटकलेले असतात आणि टाकीत पावसाचं पाणी साचतं. कुलूप लागलेल्या एका घराच्या कूलरमध्ये ताईंनी टॉर्च मारला. बोटभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. उजेड पडताच त्या झपकन तळाशी गेल्या. "नुसतं पाणी फेकून भागत नाही वो ताई, कडेला अंडी चिकटून राहतात. घासाच लागते," म्हणत त्यांनी पाणी मातीवर ओतलं आणि टाकी ब्रशनं खरखरून घासली.

चिकनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाची ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. पाणी लागलं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. तो दिवसा चावतो आणि सहसा फार लांब जात नाही. म्हणून दोष एकट्या नाल्याला देऊन चालणार नाही. धूरफवारणीनं उडणारे डास मरतात, टाकीतली अंडी तशीच राहतात.

नागपूरनं १९६५ मध्ये चिकनगुनिया आणि डेंग्यूची साथ पाहिली, २००६ मध्ये पुन्हा चिकनगुनिया पाहिला. याच डासामुळे पसरणारा झिका २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात आढळला. विषाणू नवे येतील. त्यांना वाहून नेणारा डास मात्र आपल्याच घरी वाढतो आहे.

म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा. कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे, पाखरांचं भांडं रिकामं करा, घासा, कोरडं करा. शेजारचं घर बंद असेल, तर घरमालकाला आजच फोन करा.