सव्वीस जण

बेल्लमपल्ली
रविवार, संध्याकाळ

चि. बाळ्यास,


परवा फोनवर तू रडत होतास, म्हणून मी काही बोललो नाही. कडेच्या लोकांनी तुझ्या रंगावरून काहीबाही ओरडावं आणि तू सामना अर्धा टाकून बाहेर यावंस, हे ऐकून रात्री झोप लागली नाही बेटा. खेळायचं की नाही ते तू ठरव. मला तुला एका माणसाबद्दल लिहायचं आहे.

वॉल्टर टल. जन्म १८८८, इंग्लंडातल्या फोकस्टोनचा. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आजोबा तिथे गुलाम असलेले, आई केंटची गोरी. १८९५ साली आई गेली, दोन वर्षांत वडीलही. वॉल्टर आणि थोरला भाऊ एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात पोचले. एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं, तो पुढे दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर मागे राहिला, आणि फुटबॉल खेळू लागला.

१९०९ साली टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल क्लबने त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून घेतलं. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याला इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की एका बातमीदाराने त्या लोकांची लाज काढली आणि टलचं मन आणि खेळ गोऱ्या खेळाडूंनी आदर्श घ्यावा इतके स्वच्छ आहेत असं लिहिलं. तरी थोड्याच दिवसांत टॉटनहॅमने त्याला दुय्यम संघात बसवलं. खेळ चांगला असताना! हे वाचलं की अजून माझ्या छातीत कालवतं. १९११ला तो नॉर्थॅम्प्टनच्या क्लबात गेला. तिथला व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने त्याला मधल्या फळीत उभं केलं, आणि तिथे तो शंभरावर सामने खेळला.

पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४मध्ये, तो फुटबॉलपटूंच्या पलटणीत, मिडलसेक्स रेजिमेंटच्या १७व्या बटालियनमध्ये, भरती झाला. तोफांच्या माऱ्याने मन ढासळलं म्हणून १९१६ला त्याला घरी पाठवलं होतं. बरा झाला आणि फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत परत गेला. गोऱ्या वंशाचा नसलेल्याने सैनिकांवर हुकूम चालवू नये, असं तेव्हाच्या लष्करी कायद्याच्या पुस्तकात होतं. तरी मे १९१७मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला.

जानेवारी १९१८, इटली. पियावे नदी, कडाक्याची थंडी. रात्री सव्वीस जणांना घेऊन तो नदीपार शत्रूच्या हद्दीत गेला आणि सव्वीसच्या सव्वीस परत आणले. त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची त्याच्या जनरलने लेखी दखल घेतली.

मी इथल्या खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीतल्या माणसांवरचा मुकादम होतो, तुला ठाऊक आहे. पाळी सुटली की लॅम्प रूमपाशी थांबून मी दिवे मोजायचो, माणसागणिक एक दिवा. एक जरी कमी असला तरी घरी जायचं नाही. तुझी मामी जेवण झाकून बसायची. म्हणून सव्वीस हा आकडा वाचला आणि मला तो माणूस ओळखीचा वाटला.

२५ मार्च १९१८ला फ्रान्समध्ये, जर्मनांच्या मोठ्या चढाईत माघार घेताना, त्याला गोळी लागली. वय एकोणतीस. टॉम बिलिंगहॅम नावाचा साधा शिपाई, तोही आधीचा फुटबॉल गोलकीपर, गोळीबारात त्याचं शरीर ओढून आणू लागला. जमलं नाही. त्याची ज्ञात कबर नाही. आरासच्या स्मारकावर हजारो नावांत त्याचं नाव कोरलेलं आहे.

सगळ्यांना वर आणणारा तेवढा खाली राहिला, बाळ्या. माझ्या पाळीत असं एकदा झालं होतं. त्याबद्दल कधीतरी समोरासमोर सांगेन.

तुझे बूट धुऊन उन्हात टाकलेत असं तुझी माय म्हणाली. आजच काढ. चामडं उन्हात तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि सावलीत ठेव, मी खाणीतले ओले बूट असेच वाळवायचो.

तुझा,
मामा