पाचवी गोळी

उजव्या हाताच्या तर्जनीला गेल्या पावसाळ्यापासून जो सूक्ष्म कंप जडला आहे, त्याचे निदान डॉक्टरांनी 'वयोमान' या एका शब्दात उरकून टाकले, आणि त्यात वाद घालण्यासारखे मलाही काही आढळले नाही. परंतु ज्या इसमाने आयुष्याचा बराच मोठा भाग काडतुसाचा दोष कोणता आणि हाताचा दोष कोणता हे निवडण्यात घालविला, त्याच्या दृष्टीने या कंपाचा अर्थ निराळा होतो. चार गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात आणि पाचवी दोन बोटे दूर जाऊन बसावी, असे झाले की तो अपराध काडतुसाचाच, असा निवाडा मी आजवर छातीठोकपणे देत आलो. आता तो निवाडा देण्याचा माझा अधिकार संपला.

'पाचवी' म्हणजे क्रमाने पाचवी नव्हे, हे या नादातल्या माणसांना सांगायला नको. कधी ती पहिलीच असते, कधी तिसरी. पण पाचांत एक फितूर असतेच, आणि या फितुरीचा छडा पॉइंट टू-टू मॅग्नममध्ये मला अद्याप लागलेला नाही.

ही मॅग्नम मामांची. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती मुरबाडकडच्या रानात सशांसाठी म्हणून घेतली, आणि पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर तेलाचे बोट फिरवून कपाटात उभी केली ती कायमची. मामा कायदा मानणारे गृहस्थ होते. शिकारीच्या गप्पा मात्र त्यांनी कायद्यानंतर अधिक सांगितल्या, आणि त्या गप्पांतले ससे वर्षागणिक दूर पळू लागले. वारसाहक्काच्या परवान्यावर ती रायफल माझ्याकडे आली तेव्हा तिला करण्यासारखे काम या देशात उरले नव्हते. रानडुकरासाठी वनखात्याची रीतसर परवानगी मिळाली तरी हे काडतूस त्या जनावरास अपुरे, आणि ज्या लहान जनावरास ते पुरेसे त्यावर बंदी. तेव्हा उरला तो कागद; आणि कागदावर मॅग्नम मारणारा मनुष्य मुंबईत मूर्खांतच जमा होतो, कारण कागदासाठी साधी पॉइंट टू-टू उपलब्ध आहे, स्वस्त आहे आणि कितीतरी पटीने अचूक आहे.

ती अधिक अचूक का, या प्रश्नाने मला पछाडले. शास्त्र उलटी साक्ष देते. साध्या पॉइंट टू-टूची रचना १८८७ सालची: गोळीची टाच अरुंद करून ती नळकांडीत खोवलेली, बाकीचे अंग बाहेर उघडे, त्यावर मेणाचा लेप, शिसे नरम. मॅग्नम १९५९ साली विंचेस्टरने काढली, आणि तीत हे सारे व्यंग दूर केले: गोळी नळकांडीत पुरती बसते, अंगावर तांब्याचे जाकीट असते, वजन तेच चाळीस ग्रेन, आणि वेग सेकंदाला सुमारे पावणेसहाशे मीटर. स्पर्धेची साधी गोळी सव्वातीनशे मीटरच्या आसपास मुद्दाम आवरून धरलेली असते, कारण ध्वनीच्या वेगाची वेस ओलांडताना गोळी डळमळते आणि वाराही तिला अधिक ढकलतो. तीस अंश उष्म्याला ही वेस साधारण ३४९ मीटरवर असते. मॅग्नमला पन्नास मीटरपर्यंत त्या वेशीशी कर्तव्यच नाही, ती शेवटपर्यंत पलीकडेच धावते. म्हणजे उत्तम बैठक, उत्तम आवरण, निर्वेध मार्ग. आणि तरीही पाचवी गोळी बाहेर!

माझा तर्क असा, की नरम शिसे स्फोटाच्या दाबाने किंचित फुगून नळीच्या आट्यांत भरते आणि स्वतःच्या लहानमोठ्या चुका तिथेच पुसून टाकते. जाकीट घातलेली गोळी तितकी मऊ नाही, ती आपला जन्मदोष जसाच्या तसा कागदापर्यंत घेऊन जाते. तर्क सुंदर आहे. मात्र तो सगळ्याच गोळ्यांना लागू पडतो, पाचांतल्या एकीलाच नव्हे, ही त्यातील खोच माझ्या ध्यानात आहे.

दुसरा संशयित म्हणजे कड. ज्यांच्या काडतुसाला मध्यभागी टोपी असते ते भाग्यवान, कारण ते आपले काडतूस घरी भरू शकतात: दारू तोलावी, गोळी निवडावी, नळीला मानवेल ते करावे. आमच्या काडतुसाचा पेटता मसाला कडेच्या पोकळ वळीत, काडतूस गरगर फिरवून पसरविलेला असतो; तो कोठे दाट, कोठे विरळ बसला हे काडतूस न फोडता कळण्याचा मार्ग नाही, आणि एकदा कड चेपली की ते पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे आमच्या कलेत घडविणे नाहीच. केवळ शोधणे आहे. हापूसच्या पेटीप्रमाणे लॉट उघडून पाहावा लागतो, आणि एकाच बागेची दुसरी पेटी पहिलीसारखी निघेल ही हमी खुद्द बागवालाही देत नाही.

मुगभाटातल्या माझ्या कारखान्यात मोजमापाची उपकरणे दुरुस्त होतात, तेव्हा साधनांना तोटा नव्हता. डायल गेजखाली प्रत्येक काडतुसाची कड मोजून मी जाडीप्रमाणे डब्या लावल्या. मग जवाहिऱ्याच्या काट्यावर वजनाप्रमाणे पुन्हा लावल्या. या वर्गवारीने कागदावरचे भोकांचे गट लहान झाले, हे खरे. पण एका जाडीच्या, एका वजनाच्या, जुळ्या भावंडांप्रमाणे दिसणाऱ्या पाच काडतुसांतही एक उनाड निघेच. पेट्या कपाटात सारख्या उष्म्याला ठेवल्या, नळी प्रत्येक गटानंतर पुसली, मग मुळीच न पुसता पाहिली, कुंद्याचे स्क्रू ठराविक पिळापर्यंत आवळले. फितूर कायम.

माझ्या मते याचे खरे कारण कारखान्यातल्या यंत्रात नसून कारखानदाराच्या मनात आहे. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे गोळीच्या दुपटीहूनही कमी. आणि त्या वर्तुळावर जगभरची पदके टांगलेली असल्यामुळे बर्मिंगहॅमची एली आणि जर्मनीतील शोनेबेक येथे पॉइंट टू-टू बनविणारी लापुआ लॉट पारखण्यासाठी स्वतंत्र रेंज चालवितात, जेथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती शिकंजात आवळली जाते आणि लॉटमागून लॉट तिच्यातून झाडून पाहिले जातात. मॅग्नमला स्पर्धा नाही. तिला ससा पडला की पुरे. आणि सशाच्या छातीएवढ्या जागेत पाचवी गोळीही पडतेच. ज्या वस्तूची चूक कोणी मोजत नाही, ती वस्तू सुधारत नाही. बाजारात मॅग्नमची पेटी आधीच दुर्मीळ, परदेशी शस्त्रांची खासगी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद, परवान्यावर नोंदविलेल्या संख्येपलीकडे एक काडतूस घेण्याची मुभा नाही. अशा स्थितीत दुकानदार समोर जी पेटी ठेवतो तिच्या झाकणावरचा लॉट क्रमांक वाचून नाक मुरडणारे गिऱ्हाईक त्याला वेडसर वाटले, तर त्यात नवल नाही.

पॅरिसला २०२४ साली कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने याच पन्नास मीटरच्या रायफलीत कांस्य मिळविले, तेव्हापासून पालक मला विचारू लागले, की त्याची गोळी कोणती? त्याची गोळी त्याच्या नळीची असते. तुमच्या मुलाच्या नळीला ती मानवेल हा निव्वळ जुगार होय. परंतु महाग पेटी म्हणजे उत्तम पेटी, हा समज घट्ट होत चालला आहे. दुसरीकडे, सगळा खेळ मनाचा आहे असे सांगणारे शिक्षक वाढले. क्रीडामानसतज्ज्ञ भीष्मराज बामांसारख्या अधिकारी पुरुषाने मनाविषयी सांगितले त्याला तोड नाही. पण त्यांचे नाव घेऊन प्रत्येक बाहेर गेलेली गोळी विद्यार्थ्याच्या मनावर लादणे हा आळस आहे. शिशाला मन नसते. दहा मीटरची एअर रायफलवाली मंडळी तरी छऱ्याच्या डोक्याचा व्यास, ४.४९ की ४.५०, हे निवडून घेतात. आणि विजेच्या पडद्यावर दशांशात गुण दिसू लागल्यापासून कागदावरचे भोक जवळून पाहण्याची सवयच नष्ट झाली. भोकाची फाटकी कड वाचता येणारा माणूस वरळीच्या रेंजवर आता शोधावा लागेल.

तो माणूस म्हणून मी मिरविले, हे कबूल करतो. खिशातल्या पाकिटात मॅग्नमच्या एका अपूर्व गटाचा कागद घडी घालून मी अनेक वर्षे बाळगला, आणि चहाच्या वेळी तो सहज बाहेर निघावा अशा बेताने पैसे काढीत असे. पाचही गोळ्या एका भोकात. त्या लॉटचा क्रमांक कोणी विचारला, तर "जुना माल होता, संपला" असे म्हणून मी विषय बदली. माल संपलेला नव्हता.

लालबागची एक मुलगी गेल्या वर्षापासून माझ्याकडे येते. दादरच्या कीर्ती महाविद्यालयातून एन.सी.सी. करून ती रायफलीकडे वळली. त्याच महाविद्यालयाच्या एन.सी.सी.तून आलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या, हे तिला तोंडपाठ आहे. तिच्या साध्या पॉइंट टू-टूसाठी लॉट निवडून द्यावा, एवढ्यासाठी ती आली. मुंबईबाहेरच्या ज्या रेंजवर मॅग्नमला परवानगी आहे, तेथे मी वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकून बसतो तेव्हा ती दुर्बिणीपाशी असते.

"सर, ह्या मॅग्नमनं मारायचं काय?" तिने एकदा विचारले.

"कागद."

"तो तर पॉइंट टू-टूनं मारतोच की आपण."

यावर मजजवळ उत्तर नव्हते, आणि तिला ते नकोही होते. तिने माझे सगळे कागद, चांगले-वाईट असा भेद न करता, तारीख, लॉट आणि उष्म्यासह एका फाइलीत लावायला घेतले. ज्यांना मी टोपलीत टाकीत आलो तसले कागद त्या फाइलीत पानेच्या पाने बसले आहेत. माझा पाकिटातला कागदही तिने मागून घेतला आणि त्याच लॉटच्या इतर कागदांमध्ये लावला. तिथे तो अपूर्व दिसत नाही, नशीबवान दिसतो. कंप जडण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या गटांचे तिने वेगळे माप काढले. नंतरचे गट मोठे आहेत. फितुरीचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच आहे, असे तिचे म्हणणे. मी व्हर्नियर घेऊन ते तपासले, आणि माप तिचे बरोबर आहे.

मुंबईतील रायफल मंडळांच्या चिटणीसांस माझा अर्ज एवढाच: रेंजवर एक जाडजूड नोंदवही ठेवावी, आणि तीत प्रत्येक नेमबाजाने आपल्या रायफलीची बनावट, काडतुसाचा छाप, लॉट क्रमांक, त्या दिवशीचा उष्मा आणि पाचही भोकांचे माप लिहावे, बाहेरच्या भोकासकट. लॉट क्रमांक लपविण्याची चाल आपल्यात आहे, आणि ती रूढ करणाऱ्यांत मी आहे. सदरहू वही निघाल्यास माझ्याजवळचे सारे क्रमांक, मॅग्नमच्या त्या एका लॉटसह, पहिल्या पानावर लिहून द्यावयास मी तयार आहे.