बसऱ्याचा खंडोबा

आमच्या देव्हाऱ्यात सहा टाक होते. पाच चौकोनी आणि एक वाटोळा. आजी दर रविवारी ते ताम्हनात घेऊन धूत असे आणि हळदकुंकू लावून पुन्हा ओळीने मांडून ठेवीत असे. वाटोळ्या टाकावर एक घोडेस्वार होता. "आजी, हा कोण ग?" असे विचारले, की ती म्हणे, "हा बसऱ्याचा खंडोबा." जेजुरीचा खंडोबा मला ठाऊक होता, पालीचाही ठाऊक होता. तेव्हा बसऱ्यालाही त्याचे एखादे देऊळ असावे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

आजी गेल्यावर टाक घासण्याचे काम एकदा माझ्याकडे आले. कुंकवाची पुटे निघाली आणि मी चकित झालो. ह्या खंडोबाच्या शेजारी म्हाळसा नव्हती, पायाशी कुत्राही नव्हता. घोड्याच्या दोन्ही अंगांस १९१४ आणि १९१८ हे आकडे होते. मागच्या बाजूस एका दाढीवाल्या राजाचे मुख होते, तो पंचम जॉर्ज. आणि कडेवर अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक, शिपाई हा हुद्दा, ११० हा आकडा आणि एक नाव कोरलेले होते. ते नाव माझेच होते!

मी धावतच वडिलांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, तुझे नाव त्यांचे आहे. ते तुझे पणजोबा."

माण तालुक्यातील आमचे गाव. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ. त्यामुळे घरटी एखादा तरी पलटणीत जाई. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी आहे. पहिल्या महायुद्धास ह्या गावातून किती माणसे गेली व त्यांपैकी किती कामास आली, एवढे दोन आकडे तिच्यावर आहेत. नाव एकाचेही नाही. पणजोबा दुसऱ्या आकड्यात होते, हे घरात सर्वांस माहीत होते; पण ते कोठे, कसे व कोणत्या दिवशी गेले, हे पणजीला कोणी सांगितले नाही. तिथीच ठाऊक नसल्यामुळे त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येस होई. पणजी नवऱ्याचे नाव कधीच उच्चारीत नसे. तशी त्या काळी रीतच होती. ती ह्या पदकाची पूजा करी. बसऱ्याहून आला, म्हणून तो बसऱ्याचा खंडोबा.

पुढे मी शोधास लागलो तो त्या ११० ह्या आकड्याच्या आधाराने. तो पलटणीचा क्रमांक होता. ११० वी मराठा लाईट इन्फंट्री ही पुणे डिव्हिजनमधील पलटण. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती इराकच्या किनाऱ्यावर उतरली आणि बसरा हाती आले. तेथून तैग्रिस नदीच्या काठाने फौज बगदादच्या रोखाने सरकत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे तुर्कांशी मोठी लढाई झाली. तीत इतकी माणसे पडली की सेनापती टाउनशेंड ह्यांना माघार घ्यावी लागली. तैग्रिसच्या एका वळणात कूत नावाचे गाव आहे. फौज तेथे थांबली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिला वेढा घातला.

त्या वेढ्याची हकीकत वाचताना मी अनेकदा पुस्तक मिटून ठेवले. तोफांपेक्षाही भूक मोठी होती. धान्य संपत आले. जवाच्या पिठाचा वाटा दिवसेंदिवस घटत गेला. मग घोडे कापले जाऊ लागले. घोड्याचे मांस खाण्यास पुष्कळ हिंदी शिपाई तयार होईनात. धर्मगुरूंची अनुज्ञा मागवून ती त्यांना कळविण्यात आली, तरी कितीएकांचे मन वळेना. ज्याच्या घरी घोड्यावरचा देव पुजतात, त्याला घोड्याचे मांस वाढले, तर त्याने काय करावे? एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकली. त्यांतील काही नदीत पडली. बाहेरून सुटकेसाठी आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे मारली गेली वा जायबंदी झाली. तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले.

युद्धात पडलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था ठेवते. बसऱ्याला तिने उभारलेले स्मारक १९२९ मध्ये खुले झाले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. गोऱ्या शिपायांची नावे तेथे कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. पण साध्या हिंदी शिपायांसाठी प्रत्येक पलटणीखाली केवळ आकडा घातलेला आहे. आमच्या चावडीची पाटी मला तेव्हा आठवली. ही वागणूक अन्यायाची होती, हे त्या संस्थेने २०२१ मध्ये कबूल केले व क्षमा मागितली.

नावे मात्र कागदावर राहिली होती, आणि ते कागद आता कोणालाही संगणकावर पाहता येतात. एके रात्री क्रमांक जुळला. गावाचे नाव इतके विद्रूप लिहिले होते की ते आधी मला ओळखताच आले नाही. शेजारी 'माण, सातारा' होते, म्हणून उमगले. मृत्यूचा दिवस एप्रिल १९१६ च्या दुसऱ्या आठवड्यातला. कूत पडायला अजून पंधरा-सोळा दिवस होते.

वडिलांनी जाणत्या माणसाकडून तिथी काढून आणली. ती चैत्र शुद्ध पक्षातील निघाली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपले लोक तेव्हा कावडी घेऊन शिंगणापूरच्या वाटेवर होते." थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले, "त्यांनी ते मांस खाल्ले असेल का रे?"

मी काही बोललो नाही. पदक माझ्या हातात होते. ते आता देव्हाऱ्यात ठेवावे की पेटीत, असे मी त्यांना विचारले. वडिलांनी ते माझ्या हातातून घेतले, घोडेस्वाराला कुंकू लावले, कडेवर सांडलेले कुंकू धोतराच्या सोग्याने पुसून काढले आणि पाचही टाकांच्या शेजारी त्याच्या जुन्या जागी ठेवून दिले.