आधी घर, मग मंडळी

पाळक कसा असावा, याची एक यादी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दिली आहे. तो दारूबाज नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा. पाहुण्यांचं अगत्य करणारा असावा. आणि त्याला आपलं घर नीट चालवता यावं. ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, असा पौलाचा रोखठोक सवाल आहे. उलट मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडला की येशू सांगतो, मी शांतता घेऊन आलेलो नाही. मुलगा बापाविरुद्ध, सून सासूविरुद्ध उभी राहील. जो आईबापावर माझ्याहून जास्त प्रेम करतो तो माझ्या कामाचा नाही. एका ठिकाणी घर ही पाळकाची पात्रता, दुसऱ्या ठिकाणी घर हाच अडसर. ही दोन्ही वचनं एकाच बायबलात आहेत आणि रविवारी व्यासपीठावर उभा राहणारा पाळक दोन्हींवर प्रवचन करतो.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पाळकांना या दोन वचनांमधला ताण पुस्तकातून शिकावा लागला नाही. नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता. त्याचा ताबा कुणाकडे, यावरून प्रकरण न्यायालयात गेलं आणि मुलगा आईवडिलांकडे परत आला. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर शहरात रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावं अशा मताचे होते आणि त्यासाठी त्यांनी रोषही पत्करला. एका घरातून दोन मुलगे दोन दिशांना गेले. थोरला पुढे पाळक झाला आणि जालन्याजवळ त्याने बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं.

‘यमुनापर्यटन’ लिहिणाऱ्या बाबा पदमनजींचंही तसंच. १८५४ मध्ये बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही. पुढे त्यांनी ख्रिस्ती स्त्रीशी लग्न केलं, पाळकपणाची दीक्षा घेतली, ग्रंथ लिहिले. विधवांच्या दुःखावर १८५७ मध्ये मराठीतली पहिली म्हणावी अशी कादंबरी लिहिणाऱ्या या माणसाच्या पहिल्या संसाराचे दोन तुकडे श्रद्धेपायीच झाले होते.

असे तुकडे इतके होऊ लागले की सरकारला कायदा करावा लागला. १८६६ च्या एकविसाव्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला एक वाट मोकळी करून दिली. धर्मांतरामुळे जोडीदार सलग सहा महिने नांदायला तयार नसेल, तर न्यायालयात जाऊन, ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहून, लग्न मोडून घेता येत असे. म्हणजे ज्याला ख्रिस्त मिळाला पण बायको मिळाली नाही, त्याने पुन्हा घर मांडावं, याची सोय झाली.

नारायण वामन टिळकांना ही सोय उपलब्ध होती. त्यांनी ती वापरली नाही. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या पुढच्या वाटचालीवर या गोष्टीचा जेवढा परिणाम झाला, तेवढा फार थोड्या प्रवचनांचा झाला असेल.

टिळक कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. १८८० मध्ये लग्न झालं तेव्हा जलालपूरच्या गोखल्यांची मनू, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, जेमतेम बारा वर्षांच्या. तिचे वडील सोवळ्याच्या इतके आहारी गेलेले की घरात आलेलं मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायचे. नवरा कवी, विद्वान, तापट आणि एका जागी न टिकणारा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते जे हलले, ते दीड-दोन वर्षं हलतच राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं.

पुढची जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या, त्यातला मोठा काळ पंढरपुरात. टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात. पत्रं जात-येत राहिली. लग्न मोडलं नाही की जबरदस्तीही झाली नाही. शेवटी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या त्या हिंदू म्हणूनच. आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवून त्या धर्मोपदेशकाच्या घरात राहू लागल्या. ब्राह्मण बायकोचं सोवळं आणि मिशनमधल्या नवऱ्याची उपासना एका छपराखाली सुरू झाली. टिळकांनी त्या सोवळ्यावर हल्ला चढवला नाही. राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनातली जातीची गाठ आपसूक सुटली. जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तो काळ दुष्काळाचा. राहुरीच्या मिशनच्या आवारात पोरकी मुलं येत होती, आणि नवरा-बायकोत काही वर्षांपूर्वी जे घर मोडलं होतं, ते आता परक्यांच्या लेकरांनी भरलं.

पौलाची यादी हातात घेऊन टिळकांच्या घरात शिरलं, तर गुण द्यायला परीक्षक गोंधळेल. लोभ? पैसा हाती आला की तो दुसऱ्याला देऊन मोकळं व्हायचं, हा त्यांचा खाक्या. सामान आणायला बाजारात धाडावं आणि त्यांनी भलतंच काहीतरी घेऊन यावं, हे लक्ष्मीबाईंच्या अंगवळणी पडलं होतं. पाहुणचार? १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा कोवळा पोरगा कविता म्हणून गेला, ‘बालकवी’ झाला, आणि टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरीच ठेवून घेतला. भांडखोर नसावा? इथे मात्र पाळकमहाराज नापास. रागाच्या भरात घर सोडून निघून जाणं, मग पस्तावणं, मग परत येणं, हे संसाराच्या सुरुवातीपासून चाललं होतं. राहता राहिलं घर चालवणं. ते नीट चालत होतं, पण चालवणारं माणूस दुसरंच होतं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये पाळक संसारी असतो, ही वरवर साधी वाटणारी व्यवस्था मोठी कसोटीची आहे. कॅथलिक फादर अविवाहित. त्याच्या उपदेशाची घरातली बाजू कुणाला दिसत नाही. पाळकाने मात्र क्षमेवर प्रवचन द्यायचं ते दुसऱ्या बाकावर बसलेल्या बायकोसमोर, जिने सकाळीच त्याचा आवाज चढलेला ऐकलेला असतो. आजही पाळकाच्या घरावर मंडळीची नजर असते. पाळकीणबाईंनी महिला मंडळ चालवावं, शब्बाथ शाळेत शिकवावं, नाताळात मुलांची नाटुकली बसवावी, हे न सांगता गृहीत धरलेलं असतं, आणि त्याचं मानधन कुठल्याही अंदाजपत्रकात नसतं. पाळकाच्या मुलाने शाळेत काच फोडली तर ती पाळकाच्या मुलाने फोडलेली असते. रात्री दोनला फोन येतो तो बहुधा दवाखान्यातून. सकाळी दफनविधी, दुपारी लग्न, संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभा, असे दिवस येतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. या चर्चमध्ये बिशपच्या आदेशाने पाळकाची बदली झाली की घर सामानासकट उचलून दुसऱ्या गावी न्यायचं, मुलांची शाळा बदलायची. बोलावणं एकाला येतं, निघावं सगळ्यांनाच लागतं.

टिळकांना १९०४ मध्ये पाळकपणाची दीक्षा मिळाली. तोवर मराठी मंडळीत गाणं म्हणजे बरंचसं इंग्रजी स्तोत्रांचं भाषांतर आणि परक्या चाली. शब्द मराठी, वळण विलायती; म्हणणाऱ्याचा श्वास भलत्याच जागी तुटायचा. नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. अभंग, ओवी, साकी, दिंडी, जे जे मराठी घरात जात्यावर, देवघरात, देवळाच्या सभामंडपात गायलं जात होतं, ते त्यांनी उपासनेत आणलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. एकदा अलीकडे आल्यावर तो पूल तोडायचा मोह बऱ्याच नवख्रिस्ती विद्वानांना झाला होता. टिळक त्यावरून आयुष्यभर ये-जा करत राहिले. ‘अभंगांजली’तल्या रचना आणि ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली त्यांची गीतं आजही गावोगावच्या मंडळ्यांमध्ये पेटी-तबल्यावर म्हटली जातात. ज्यांनी टिळकांचं एकही प्रवचन वाचलेलं नाही, त्यांनाही ती तोंडपाठ असतात.

घरातलं गाणं मंडळीत आलं, तसा घरातला एक प्रश्नही आला. या घराचा कर्ता कोण? मिशन पगार देत होतं, इमारती मिशनच्या, निर्णय मिशनच्या बैठकीत. टिळकांना परदेशी मिशनऱ्यांविषयी माया होती. त्यांच्यातल्या कित्येकांनी दुष्काळात आणि प्लेगात जीव ओतून काम केलेलं त्यांनी पाहिलं होतं. पण मोठी झालेली मुलं बापाच्या तंत्राने चालत राहिली तर ती कधी उभी राहणार, हा त्यांचा सवाल होता. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ मध्ये सुरू झालेल्या या मिशनच्याच पत्रात बसून ते देशी मंडळीच्या स्वाभिमानाची भाषा बोलत राहिले.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. कल्पना धाडसी होती. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांचं हे कुटुंब; बाप्तिस्मा घेतलेले त्यात असतील, न घेतलेलेही असतील. रूढ मंडळीला हे रुचणं कठीणच होतं. बाप्तिस्मा हा मंडळीत येण्याचा दरवाजा. तो न ओलांडणारा माणूस सभासद कसा? प्रभुभोजनाला कोण बसणार, कोण नाही? धर्मशास्त्र शिकवलेल्या टिळकांना हे आक्षेप माहीत नव्हते असं कोण म्हणेल?

तरीही त्यांनी दरबाराचं दार उघडं ठेवलं, आणि त्याचं एक कारण त्यांच्या घराच्या इतिहासात सापडतं असं वाटतं. बाप्तिस्मा न घेतलेल्या एका बाईबरोबर ते राहिले होते. तिची पूजा वेगळी, तिची चूल वेगळी, आणि तरी ती त्यांच्या कुटुंबाचीच होती. तिची वाट पाहताना त्यांनी कायद्याचा आधार घेतला नव्हता, तर इतरांच्या बाबतीत नियमपुस्तकाचा आधार घेऊन दार लावणं त्यांना कसं जमावं? आधी संसारात उमगलेलं त्यांनी नंतर मंडळीत मांडलं. पौलाचं म्हणणं असं उलट्या अंगाने खरं झालं: ज्याचं घर एकदा मोडलं, त्याला मंडळी कशी असावी हे कळलं.

या उंच कल्पनेचं बिल मात्र नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात आलं. पगार थांबला. माणसं वाढली. अपरिग्रहाचं व्रत पाळकाने घेतलं आणि उद्याच्या पिठाची काळजी बायकोने. दरबार फार दिवस चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. जॅक विन्स्लो या इंग्रज पाळकाने १९२३ मध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी ख्रिस्त सेवा संघ उभा करताना ख्रिस्ती आश्रमाचा जो विचार विन्स्लोंनी धरला, त्यात टिळकांच्या स्वप्नाची छाया दिसते.

मराठी माणसाला टिळक कळले ते मात्र वेगळ्याच वाटेने. लहानपणीच्या दत्तूला, म्हणजे मुलगा देवदत्त यांना, वडिलांचं चरित्र हवं होतं. त्यासाठी लक्ष्मीबाई आठवणी सांगू-लिहू लागल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ झालं. पहिला भाग १९३४ चा. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या, तोवर मराठी गद्याला त्यांनी एक असा नमुना दिला होता की तो आजही अभ्यासक्रमांत आहे. टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच हाती घेतलं होतं. आरंभीचे अध्याय टिळकांचे, पुढचे बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंचे आणि शेवटाला हात देवदत्तांचा. येशूचं चरित्र ओवीत सांगणारा हा ग्रंथ १९३८ मध्ये बाहेर पडला. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने नवऱ्याचा ग्रंथ जवळपास सगळाच लिहून टाकला होता.

म्हणून रेव्हरंड टिळकांच्या श्रद्धेचा माग काढणारे वाचक आजही त्यांच्या निबंधांच्या आधी ‘स्मृतिचित्रे’ उघडतात. तिथे पाळकमहाराज बायकोवर चिडतात, अनोळखी पोराला हाताला धरून घरी आणतात, हाती आलेले पैसे कुणाला तरी देऊन येतात, मध्येच अभंग रचायला बसतात, आणि लक्ष्मीबाई त्यातलं काहीही न वगळता, हसत हसत, सगळं मांडून ठेवतात.