पडद्यावरून मैदानात

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात लाल टोपीवाला एक माणूस कडेच्या रेषेजवळ उभा असतो. खेळाडू नाही, पंच नाही, प्रशिक्षकही नाही. टीव्हीवर जाहिराती लागल्या की तो चार पावलं मैदानात येतो, आणि तो मागे सरकेपर्यंत खेळ थांबतो. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला, नोटर डेम विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये, मी त्याच्याकडेच बघत बसले होते. डिसेंबरची रात्र. धिप्पाड पोरं जागच्या जागी पाय आपटत होती, हेल्मेट काढलेल्या डोक्यांतून वाफा निघत होत्या. सत्तर हजारांहून जास्त माणसं एकट्याच्या हलण्याची वाट बघत होती. टीव्हीची सत्ता इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती.

तारीख 20 डिसेंबर 2024. राष्ट्रीय प्लेऑफचा सामना पहिल्यांदाच एका कॉलेजच्या आवारात होत होता. नोटर डेमने इंडियाना विद्यापीठाला 27-17 असं हरवलं. माझं मन मात्र तिथल्या नव्या कारभाऱ्याभोवती घुटमळत राहिलं.

त्यांचं नाव पीट बेव्हाक्वा. मुलगा असताना गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहिल्या, नोटर डेममधून 1993 साली पदवी घेतली, मग कायदा शिकले, व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचे प्रमुख झाले आणि पुढे एनबीसी स्पोर्ट्सचे अध्यक्ष. ऑलिंपिक अमेरिकेच्या घराघरांत पोचवणारी ती वाहिनी. ती खुर्ची सोडून ते आपल्या कॉलेजात परतले आणि मार्च 2024 मध्ये जॅक स्वॉरब्रिक यांच्या जागी क्रीडा संचालक झाले.

क्रीडा संचालक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमचे फिजिकल डायरेक्टर सर येतात. जिमखान्याच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, गळ्यात शिट्टी, पँटवर फक्कीचे पांढरे डाग. झोनलला जाणाऱ्या कबड्डीच्या मुलींचा प्रवासभत्ता मिळेपर्यंत ते ऑफिसच्या दारातून हलत नसत. त्यांच्या मैदानावर कॅमेरा कधी आला नाही. आम्हाला दूरचा खेळ दाखवणारा होता रेडिओ. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनातून क्रिकेटचं अख्खं मैदान माजघरात उतरायचं. खेळ दाखवणारा आणि खेळ सांभाळणारा ही दोन वेगळी माणसं, असंच मी धरून चालले होते.

अमेरिकेत ती दोघं फार पूर्वीच एकमेकांत गुंतली. कॉलेजचे कोणते फुटबॉल सामने टीव्हीवर दिसायचे, हे पूर्वी एनसीएए ही देशव्यापी संघटना ठरवायची. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली. सात विरुद्ध दोन असा तो निकाल होता, आणि विरोधात मत देणाऱ्यांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट, स्वतः गाजलेले कॉलेज फुटबॉलपटू. बाजार एकदा आत शिरला की कॉलेजचं कॉलेजपण राहील का, ही त्यांची धास्ती होती. मला ती आज जास्तच पटते.

त्या मोकळ्या झालेल्या वाटेने नोटर डेमने 1990 मध्ये एकट्याने एनबीसीशी करार केला, आणि 1991 च्या हंगामापासून तिथले घरचे फुटबॉल सामने त्या वाहिनीवर दिसू लागले. बेव्हाक्वा तेव्हा तिथलेच विद्यार्थी होते. आपल्या आवारात शिरलेल्या त्या कॅमेऱ्यांच्या मालकांकडेच पुढे आपण सर्वोच्च पदावर बसू, हे त्या पोराच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

या करारातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या पैशांतला एक वाटा विद्यापीठाने गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी बाजूला काढला. ज्यांनी चेंडूला हातही लावला नाही अशा मुलामुलींच्या फीमध्ये तो गेला. लाल टोपीवाल्याने थांबवलेल्या त्या मिनिटांचा राग आला तरी हे मी विसरू शकत नाही. कुणाचं तरी रसायनशास्त्राचं वर्ष त्यातून पार पडलं आहे.

पण आता हिशेब बदलला आहे. 2025 च्या जूनमध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पहिल्या वर्षाची मर्यादा होती सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. खेळाडूंना त्यांच्या घामाचं मोल मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे, ते फार उशिरा मिळालं. मात्र सगळीकडे त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो, कारण लोक तेच बघतात. नोटर डेममध्ये 26 खेळ आहेत. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये फॉइल तलवारबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ली कीफर इथेच शिकली. तिचे कॉलेजातले सामने कितीजणांनी पाहिले असतील? ती तलवार इतकी झपकन फिरते की टीव्हीलासुद्धा पुन्हा हळू करून दाखवावं लागतं.

कोणत्या मिनिटाला किती भाव मिळतो, हे बेव्हाक्वांइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणूनच ज्या मिनिटांना भाव नाही त्यांची जबाबदारी मी त्यांच्यावर टाकते. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जानेवारी 2025 मध्ये त्यांचा संघ ओहायो स्टेटकडून हरला, तेव्हा मलाही वाईट वाटलं. तरी संघ पुढच्या वर्षी कितवा येतो, यापेक्षा तलवारबाजीच्या हॉलमध्ये पहाटे दिवे लावायला कुणी येतं का, तिथल्या प्रशिक्षकाचा पगार टिकतो का, याची बातमी मी आधी शोधणार आहे.